ब्याऐंशी टक्के

"किती उरलीय?"

मी अजून गाडीतून उतरलेही नव्हते. अण्णांनी फाटक उघडलं होतं आणि ते बाजूला उभे होते. हातात रिकामी बादली, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. ये, कशी आहेस, ऊन लागलं का, असलं काहीच नाही. खिडकीशी वाकून एकदम हाच प्रश्न.

"ब्याऐंशी टक्के!" मी तोऱ्यात सांगितलं आणि स्टिअरिंगमागचा आकडा दाखवला. "टेंभुर्णीला थांबून शंभर टक्के करून घेतली, अण्णा. तासभर गेला, पण तेवढ्यात पेपरांचा एक गठ्ठा तपासून झाला. आता चिंता नाही. तीनला निघाले की आठला घरात."

"ब्याऐंशी," अण्णा म्हणाले. "म्हणजे भरलेलीच की."

"भरलेलीच."

"बरं झालं," असं म्हणून ते बादली घेऊन कुंपणाकडे गेले.

मी पुण्यातल्या एका शाळेत गणिताची बाई. बरं झालं म्हणताना माणसाचा चेहरा का पडला, हे विचारायला हवं होतं. पण मी त्या ब्याऐंशीच्या आकड्यावर इतकी खूश होते की पिशव्या उचलून थेट आत गेले. या गोष्टीला आता सात वर्षं होतील. तो पडलेला चेहरा मात्र मला अजून दिसतो.

अण्णा म्हणजे माझे वडील, मुरलीधर घोडके. वीज बोर्डात चौतीस वर्षं लाइनमन. बार्शीत अजूनही कुणी पत्ता विचारला तर लोक घोडके लाइनमनचं घर म्हणूनच सांगतात. मी एकुलती एक. आईला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. अण्णा एकटेच राहायचे, हातानं करून खायचे, आणि पुण्याला चला म्हटलं की, "तिथं माझ्या ओळखीचा एक खांब न्हाई," असं म्हणून विषय मिटवायचे.

त्यांचं माझ्याकडे एकच मागणं असायचं. दर वेळी फाटकाशीच विचारायचे, "शैला, मुक्काम हाय न्हवं?" आणि दर वेळी माझं उत्तर तयार असायचं. कधी पेपर, कधी मुलाचा, निनादचा क्लास, कधी माझ्या नवऱ्याची, हेमंतची फिरती. सकाळी यायचं, जेवायचं, तीनला निघायचं. आईचं तेरावं झाल्यापासून मी त्या घरात एक रात्रही काढली नव्हती.

जुनी गाडी पेट्रोलची होती, तेव्हा तर सोपंच होतं. पुणे-बार्शी जाऊन-येऊन अठ्ठावीसशे रुपयांचं पेट्रोल लागायचं. "परवडत नाही हो अण्णा सारखं सारखं," असं म्हटलं की पुढं बोलायलाच जागा नसायची. वर्षातून तीन फेऱ्या व्हायच्या. मग हेमंतनं विजेची गाडी घेतली आणि मी अगदी फळ्यावर मांडावा तसा हिशेब अण्णांना मांडून दाखवला. घरी रात्रभर लावली की अडीचशे रुपयांत गाडी फुल. वाटेत हायवेला चार्जिंग महाग पडतं, ते धरूनही बार्शीची फेरी आठशेच्या आत. कुठं अठ्ठावीसशे आणि कुठं आठशे! आता मी महिन्यातून एकदा यायला लागले.

"बघा अण्णा, विजेची कृपा," मी म्हटलं होतं.

"आन् मुक्काम?"

"मुक्काम कशाला? आता परत परत यायला परवडतंय की."

त्यावर ते चहाचे कप उचलून आत गेले होते.

विजेची गाडी घेऊन पहिल्यांदा गेले ती दिवाळीत. अण्णा गाडीभोवती तीन वेळा फिरले. जन्मभर वीज लोकांच्या घरापर्यंत पोचवली आणि आता तीच वीज लेकीला घेऊन दारात आली, याचं त्यांना फार कौतुक. "लाव की आपल्या घरात," म्हणाले. मी चार्जर काढून सॉकेटात घातला तर लाल दिवा. काढून परत घातला, परत लाल. अण्णांनी आतून टेस्टर आणला, दिव्याची वायर आणली, बसले तपासत. मग तोंडातल्या तोंडात म्हणाले, "अर्थिंग मेलंय. पाइप कुजला असंल."

जमिनीत पुरलेल्या पाइपाशी घरातल्या विजेची एक तार जोडलेली असते, ते अर्थिंग. ते धड नसेल तर ही गाडी वीज घेतच नाही. घरातला पंखा, दिवा, मिक्सर सगळं निमूट चालतं. ही एकटीच नखरेल.

"लाइनमनचं घर आन् अर्थिंग न्हाई!" अण्णा इतके ओशाळले की मलाच कसंतरी झालं.

"राहू द्या हो. हायवेला करून घेईन मी."

"तिथं काय भाव?"

"वीस रुपये युनिट. वर कर."

"वीस? माझ्या मीटरवर आठला पडतंय! चार्जिंग हाय का दरोडा?" मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "आपल्या साध्या पंधरा अँपियरच्या सॉकेटवर लावली तर किती टाइम?"

"रिकामी असली तर नऊ-दहा तास."

"धा तास," अण्णा म्हणाले. आणि थोड्या वेळानं, चहा पिता पिता, पुन्हा एकदा स्वतःशीच, "धा तास." मला वाटलं, एवढा वेळ लागतो म्हणून त्यांना नवल वाटतंय.

तेव्हापासून मी येताना टेंभुर्णीच्या हॉटेलात गाडी लावायची, चहा प्यायची आणि भरलेली गाडी घेऊन बार्शीत शिरायची. अण्णांना त्रास नको, हा माझा शहाणपणा.

तर त्या दिवशी, मार्चातल्या त्या रविवारी, मी पिशव्या आत ठेवून बाहेर आले. ओट्यावर खांबाला एक नवी लोखंडी पेटी ठोकलेली. तिच्यातून अंगठ्याएवढी जाड केबल भिंतीवरून मीटरकडे गेलेली. खिळे सगळे एका रेषेत, लाइनमनचं काम.

"हे काय नवीन?"

"मोटरीसाठी."

"बोअरची मोटर तर मागं आहे."

"हां. मागं हाय," अण्णा म्हणाले आणि पुन्हा बादली भरायला लागले. कुंपणाशी, इतक्या खेपांत माझ्या कधी लक्षात न आलेली, एक चौकोनी ओली जागा होती. मधे पाइपाचं तोंड वर आलेलं. त्यात ते सावकाश पाणी सोडत होते. मार्चात बार्शीत पाण्याचा टँकर येतो आणि हे बादलीच्या बादली जमिनीत ओतत होते.

"झाड लावलंय का?"

"लावलंय."

"कसलं?"

"उगवलं की कळंल. हात धू, जेवायला बस."

शेंगदाण्याची आमटी त्यांनी स्वतः केली होती, भाकरी शेजारच्या सखूबाईंच्या. जेवताना खिडकीतून अंगणातली दोरी दिसत होती. तिच्यावर आईच्या हातची निळ्या काठाची गोधडी वाळत घातलेली.

"एवढ्या उन्हाळ्यात गोधडी कशाला धुतलीत?"

"धूळ बसती," अण्णा म्हणाले. त्यांनी माझ्या ताटात आणखी आमटी वाढली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दीड वाजला होता.

पावणेतीनला मी पर्स उचलली. अण्णा आधीच चपला घालून तयार. हा आमचा रिवाज होता. आई असताना निघताना माझी ओटी भरायची. ती गेल्यावर पहिल्या खेपेला अण्णा नुसतेच दारात घुटमळत राहिले. मग म्हणाले, "चल, पंपापर्यंत येतो." कुर्डुवाडी रस्त्याला गाव संपतं तिथं पेट्रोल पंप आहे. तिथं त्यांनी पंपावरच्या सिद्रामच्या हातातून नळी घेऊन स्वतः माझी टाकी काठोकाठ भरली. माहेराहून गाडी रिकामी जाता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. पैसे मला कधी देऊ दिले नाहीत. तेव्हापासून दर खेपेला तेच. टाकी भरायची पाच मिनिटं आणि पंपापर्यंतची चार मिनिटं, एवढा वेळ ते माझ्याबरोबर असायचे. परत जायला सिद्राम त्यांना मोटारसायकलवरून सोडायचा.

विजेची गाडी आली आणि भरायला काही उरलं नाही. पण अण्णा यायचे. "चाकाची हवा तरी बघू," म्हणायचे.

त्या दिवशीही तसेच आले. सिद्राम हवा मारायच्या नळीपाशीच उभा होता. पंचवीस वर्षं त्या पंपावर काढलेला माणूस. पोट सुटलेलं, जीभ त्याहून सुटलेली.

"काय अण्णा," तो लांबूनच ओरडला, "आज बी निघाली व्हय लेक? मग त्या खड्ड्याचा काय उपेग?"

"सिद्राम, तू हवा बघ," अण्णा घाईनं म्हणाले.

"कसला खड्डा?" मी विचारलं.

"काय न्हाई गं."

"अवो ताई, काय न्हाई काय म्हणताय!" सिद्राम खिडकीवर हात टेकून उभा राहिला. "सहा फूट खड्डा खांदलाय म्हाताऱ्यानं. गडी लावा म्हणलं तर म्हणं, गड्याला न्हाई कळायचं. पंचवीस किलो मीठ, दोन पोती कोळसा. ती पोती मीच टाकली न्हवं का घरी. चार महिनं झालं, रोज दोन बादल्या पाणी. म्हणत्यात, अर्थिंग सुकलं तर शैलाची गाडी लाल दिवा दावती."

मी अण्णांकडे बघितलं. ते समोर काचेतून पंपाच्या पाटीकडे बघत होते. पाटीवर त्या दिवसाचा पेट्रोलचा भाव लिहिलेला होता.

"मोटरीसाठी म्हणालात."

"मोटरच की," अण्णा हळूच म्हणाले. "मोटरगाडी."

"मग सांगितलं का नाही मला? फोनवर सांगायचं ना, की मी वाटेत चार्ज करू नको!"

"सांगायचं काय त्यात. तू आपलं भरून येतीस. तुझ्या सोयीचं तू बघतीस."

"अवो, मला काय म्हणले माहीत हाय का," सिद्राम काही गप्प बसेना. "म्हणले, सिद्राम, पेट्रोलला पाच मिंटं लागायची, पोरगी उभ्या उभ्या जायची. ह्याला धा तास लागत्यात. स्वस्त बी झालं आन् सावकाश बी झालं. आता रात काढावीच लागंल तिला."

"हवा बघ म्हणलं न्हवं तुला!" अण्णा एवढ्या जोरात ओरडले की पलीकडचा ट्रकवाला वळून बघायला लागला.

सिद्राम चाकाशी बसला. मी हिशेब मांडला होता रुपयांत, एका किलोमीटरला किती आणि एका युनिटला किती. आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस चार महिने तासांचा हिशेब मांडून बसला होता. अंगणातली गोधडी, ती पेटी, ते पाणी, दर वेळचं ते "किती उरलीय?" सगळं एकदम ध्यानात आलं आणि मला माझीच लाज वाटली.

"अण्णा," मी म्हटलं, "चला, घरी जाऊ. लावू गाडी."

"आता काय लावती? ब्याऐंशी हाय. दोन तासांत फुल होती आन् तू जाशील." त्यांचा आवाज रुसलेल्या पोरासारखा होता. "भरल्या भांड्यात काय ओतायचं?"

"मग रिकामी करू."

"काय?"

"गाडी. रिकामी करू, चला. कुठं जायचं सांगा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पोरीचं डोकं फिरलंय का काय. "शैला, उगीच गाडी फिरवायची? फुकट?"

"फुकट कसली, आठ रुपये युनिट आहे. पेट्रोल असतं तर नसते म्हणाले."

सिद्राम हसत हसत उठला. अण्णांनी पट्टा लावला. आधी कधी लावत नसत, चार मिनिटांसाठी कोण लावणार. मग म्हणाले, "वैरागकडं घे."

आणि आम्ही निघालो. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठंही पोचायचं नसताना गाडी चालवत होते. एसी पूर्ण सोडला, दिवसाढवळ्या दिवे लावले, रेडिओ लावला. जेवढं जळेल तेवढं जळू दे! बाहेर चाळीसचं ऊन आणि आत अण्णा कानाला टॉवेल गुंडाळून बसलेले.

"थंडी वाजतीय गं."

"सोसा. टक्के उतरतायत बघा."

"किती?"

"चौऱ्याहत्तर."

"लय सावकाश उतरतीय," अण्णा म्हणाले, पण आता ते हसत होते.

वैरागच्या रस्त्याला त्यांनी मला त्यांचे खांब दाखवले. हा त्र्याऐंशीच्या वादळात पडलेला, परत उभा केला. हा ट्रान्सफॉर्मरचा डीपी बसवला त्या दिवशी गावानं गूळ वाटला. इथं म्हसोबाच्या वळणावर त्यांच्या जोडीदाराला शॉक बसला. परमिट न घेता चढला होता. लाइन बंद केल्याचं सबस्टेशननं सांगितलं, की त्याला परमिट म्हणतात. त्याशिवाय अण्णांनी कधी तारेला हात लावला नाही. घरातही ते तसंच बोलायचे. मी लहानपणी खेळायला निघाले की विचारायचे, "आईचं परमिट घेतलं का?"

पुढं एका चिंचेखाली त्यांनी गाडी थांबवायला लावली. शेजारी जुना डीपी होता, गंजलेला.

"हितं तुझी आई बसायची," ते म्हणाले. "वादळात तीन-तीन दिवस घरी यायला जमायचं न्हाई. मग ती एसटीनं यायची, भाकरी घेऊन. मी वर खांबावर, ती हितं खाली. वरनं मला तिचा नुसता पदर दिसायचा. ओरडायची, खाली या, भाकरी गार झाली. मी म्हणायचो, ठेव आन् जा, तुझी गाडी चुकंल." ते थांबले. "मी तिला एकदा बी म्हणलो न्हाई, बस जरा. दुसऱ्या गाडीनं जा."

मी रेडिओ बंद केला. एसीचा तेवढा आवाज येत होता.

"लय आठवण येती गं तिची," अण्णा म्हणाले. "रोज येती."

मग माझ्याही तोंडून ते निघून गेलं. चार वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, हेमंतलाही नाही. "अण्णा, मी मुक्कामाला थांबत नाही ते पेपरांमुळे नाही. आईच्या तेराव्यापर्यंत मी इथं होते ना. तुम्ही रोज रात्री स्वयंपाकघरात जाऊन, तोंडात टॉवेल धरून... मला ऐकू यायचं. मी उठून तुमच्याजवळ आले नाही. मला धीरच झाला नाही. परत ते ऐकू येईल म्हणून भीती वाटते मला."

अण्णांनी माझ्या हातांकडे बघितलं.

"मला ठावं होतं तू जागी हाईस ते," ते म्हणाले. "तुझ्या बांगड्या वाजायच्या." मग कानाचा टॉवेल काढून त्यांनी त्यानंच चष्मा पुसला. "आता न्हाई रडत. रेडिओ लावतो आन् झोपतो. तू एकदा राहून बघ की."

तिथून आम्ही परत फिरलो, बार्शी ओलांडून पांगरीला गेलो, तिथं उसाचा रस प्यायलो. आडवाटेनं दोन वाड्यांना चक्कर मारली. एका वाडीत एक म्हातारी अण्णांना ओळखून गाडीपाशी आली. "घोडके, लाइट कवा येणार?" तिनं विचारलं आणि स्वतःच हसली. अण्णा निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली होती. एकशेदहा किलोमीटर फिरून सातला घरी आलो तेव्हा आकडा होता चोवीस.

"चोवीस!" अण्णा गाडीतून उतरता उतरता मोठ्यानं म्हणाले, भिंतीपलीकडच्या सखूबाईंना ऐकू जावं म्हणून. "अवो, पोरीची गाडी उतरलीय. जाता यायचं न्हाई आता."

त्यांनी पेटीचं झाकण उघडलं. आत नवं कोरं सॉकेट, कुणी एकदाही न वापरलेलं. माझ्या हातातून चार्जर घेतला. बटण दाबायच्या आधी माझ्याकडे वळून विचारलं, "परमिट?"

मी हेमंतला फोन केला. आज मुक्काम, निनादला डबा बाहेरून आण. मग मुख्याध्यापक बाईंना फोन, उद्या रजा. अण्णांनी मान हलवली आणि बटण दाबलं. चार्जरवर हिरवा दिवा लागला. सहा फूट खोल मीठ-कोळशात पुरलेला तो पाइप पहिल्यांदा कामाला आला होता. अण्णा खुर्ची आणून ओट्यावर बसले आणि मीटरची चकती पळताना बघावी तसे त्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिले.

"साडेसात तास," त्यांनी हिशेब केला. "पहाटं तीनला फुल."

त्या रात्री आतल्या खोलीतून आवाज आला तो घोरण्याचा. मी उन्हात वाळलेल्या गोधडीत तोंड खुपसून मनसोक्त रडले आणि मग मलाही झोप लागली, ती थेट सहाला जाग आली.

बाहेर आले. अण्णा अंघोळ करून ओट्यावर बसलेले. गाडीत डोकावून बघितलं तर अठ्ठावन्न.

"अण्णा, अठ्ठावन्नच झालीय!"

"हां," अण्णा म्हणाले. "रात्री लाइट गेली हुती."

"कधी?"

"अकराला गेली. पाचला आली."

मी त्यांच्याकडे बघितलं. मार्चातली बार्शी. पंखा पाच मिनिटं जरी थांबला असता तरी घामाघूम होऊन मी उठून बसले असते. माझ्या उशाशी लावलेला फोन शंभर टक्के झालेला होता. लाइट गेली की चौतीस वर्षं सगळ्या गावाच्या शिव्या खाल्लेला, पण लाइट असताना गेली असं कधी न म्हटलेला तो माणूस, चपलेच्या अंगठ्याकडे बघत बसला होता. पेटीच्या बटणावर त्याच्या ओल्या बोटांचा ठसा अजून वाळायचा होता.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय... अजून चार-साडेचार तास लागतील. दुपारचं जेवूनच निघावं लागंल." त्यांनी चोरून माझ्याकडे बघितलं. "घाई हाय का?"

"नाही," मी म्हटलं. "लाइटच गेली त्याला तुम्ही तरी काय करणार."

त्यानंतर अण्णा अडीच वर्षं होते. मी टेंभुर्णीला थांबायचं सोडून दिलं. गाडी इतकी उतरवून यायचे की एकदा तर नऊ टक्क्यांवर फाटकात शिरले. फाटकाशी तोच प्रश्न, "किती उरलीय?" मी नऊ म्हटलं तेव्हा त्यांना झालेला आनंद काय सांगू! सव्वीस मुक्काम केले मी. मोजलेत. आणि सव्वीसही वेळा रात्री अकराला लाइट गेली.

परवा खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी विचारत होते, विजेची घ्यावी का पेट्रोलची, खर्चात किती फरक पडतो. मी त्यांना सगळा हिशेब दिला. किलोमीटरला किती, युनिटला किती, घरी किती, हायवेला किती. त्यांनी लिहून घेतला. गाडी घेतील बहुतेक.

मी आमच्या पार्किंगमध्ये रोज रात्री गाडी लावते. सकाळी उठून बघते, तर शंभर टक्के. इथं एकदाही लाइट जात नाही.